शांताक्काची जीभ आणि चरबीचा हुकूम

शुक्रवार पेठेत, मठाच्या मागच्या बोळात, शांताक्काचा चटणी कुटायचा डंक होता. मार्च लागला की त्या बोळातून नाकाला पदर न लावता जाणारी बाई एक तर परगावची असायची, नाही तर सर्दीनं नाक बंद झालेली. उखळांत लोखंडी मुसळं धाडधाड पडायची, लाल धुरळा उंबऱ्याबाहेर यायचा, आणि दाराशी बायका डबे घेऊन नंबर धरून बसलेल्या. डंक नवऱ्यानं घातला होता. तो गेल्यावर मशीन, मोटर आणि पट्टा मुलानं, शिवकुमारनं सांभाळला आणि गिऱ्हाईक आईनं. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव होतं, पण ती पाटी वाचून कुणी येत नव्हतं. लोक यायचे ते शांताक्काच्या जिभेवर.

कोल्हापुरात वर्षाची चटणी म्हणजे चेष्टेचा विषय नव्हे. ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, लवंगी घालायची की नाही, यावरून जावाजावांत अबोला धरल्याची उदाहरणं आहेत. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, तीळ-खोबरं-धणे भाजायचे, कांदा तळायचा, लसूण सोलायचा. प्रत्येक घरचं माप वेगळं आणि प्रत्येकीच्या मते आपलंच खरं. पण मिठाचा निकाल शांताक्काकडं. मशीन थांबवायची, उखळातली कढत चटणी चिमूटभर तळहातावर घ्यायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ती म्हणायची, अजून घाला, किंवा म्हणायची, बास. त्यावर अपील नव्हतं. मीठ कमी पडलं तर पावसाळ्यात बरणीत बुरशी, जास्त पडलं तर वर्षभर जेवताना नवऱ्याची कटकट, आणि दोन्ही वेळा बोल बाईलाच, हे सगळ्या जाणून होत्या.

बाई तोंडानं फटकळ होती. कुणाचं खोबरं खवट निघालं तर चारचौघींत सांगायची, की हे खोबरं नारळ होतं तेव्हाच देवाला वाढवलं असतं तर बरं झालं असतं. लसूण जुना असला तर परत पाठवायची. चिडून गेलेली बाई दुसऱ्या दिवशी नवीन लसूण सोलून हजर. कारण एक गोष्ट पेठेत पक्की होती: शांताक्का शिव्या घालेल, अंगावर येईल, पण खोटं बोलणार नाही. या एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता. पाटल्या-बांगड्यांचा नव्हता तेवढा.

अंगानंही ती भरभक्कम होती आणि त्याचाही तिला थोडा अभिमानच होता. लिंगायताचं घर, मटणाचा रस्सा आयुष्यात तोंडाला लावलेला नाही. तालमीतली पोरं समोरून गेली की ती म्हणायची, बघा रे, तुम्ही बोकडं खाऊन कमावता, मी नुसत्या दही-भाकरीवर कमावलंय.

तर २००१ च्या पावसाळ्यात शांताक्काचे पाय सुजायला लागले. चपलेचा अंगठा घट्ट व्हायला लागला, तेव्हा तिनं चप्पल बदलली. डोकं ठणकायला लागलं, तेव्हा डंकाच्या आवाजाला दोष दिला. मोसम संपून डंक तर बंद पडला होता, पण माणूस एकदा दोष द्यायचा म्हटला की देतो. शेवटी शिवकुमारनं तिला पेठेतल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. रक्तदाब चांगलाच वाढला होता. त्यांनी एक गोळी चालू केली आणि बजावलं, की गोळी एका बाजूला आणि मीठ एका बाजूला. मीठ सोडलं नाही तर गोळीला मी जबाबदार नाही.

शांताक्का काही करायची तर ते अर्धवट करत नसे. घरी आल्या आल्या तिनं देवघरासमोर बसून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की आजपासून ताटात मीठ नाही. लिंगायताच्या बाईनं लिंगावर हात ठेवून बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. शिवकुमार म्हणाला, एवढं कशाला, थोडं थोडं कमी करू. पण तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची आमटी वेगळ्या भांड्यात, तिची भाकरी बिनमिठाच्या पिठाची. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सगळ्याला रामराम.

अळणी आमटी ज्यानं खाल्ली नाही त्याला हे दुःख कळायचं नाही. घास तोंडात फिरत राहतो, घशाखाली जायला तयार नसतो. ही बाई आयुष्यभर चवीवर जगलेली. पहिले पंधरा दिवस ती ताटावर बसायची आणि उठताना अर्धी भाकरी तशीच. ते बघून तिच्या सुनेला, शिवलीलाला वाईट वाटलं. शिवलीला चिकोडीकडची, बोलायला कमी, कामाला वाघ. तिनं विचार केला, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, गोड कुठं बंद केलंय? साखरेचा रोगही तपासला होता, तो नव्हता. मग भाकरीबरोबर गूळ-तूप आलं. सोमवारी गव्हाची हुग्गी, सणाला पुरणाची होळगी आणि वरून तुपाची धार. थंडीत कागलच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळावरून काकवीचा डबा आला आणि तो एकट्या शांताक्कासाठी बाजूला ठेवला गेला. घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता म्हणायचं, मीठ सोडलंय, गोड तरी पोटभर खाऊ देत. माया काही कमी नव्हती. शांताक्काच्या पोलक्यांची शिवण आधी एकदा उसवली, मग दुसऱ्यांदा, आणि पुढं शिंपी म्हणाला की आता आत कापडच उरलेलं नाही.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी पुन्हा पट्टा गुंडाळला. दाब उतरला तर नव्हताच, उलट वर गेला होता. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, की बाईंचं मीठ सुटलेलं नाही. शांताक्का म्हणाली, लिंगावर हात ठेवून सोडलंय. डॉक्टर शिवकुमारकडं बघून हसले. सगळे पेशंट असंच म्हणतात हो, घरात जरा लक्ष ठेवा, एवढं सांगून त्यांनी गोळी वाढवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माणूस वाईट नव्हता, पण त्या हसण्यानं वाटोळं केलं.

शिवलीला शेजारीच उभी होती. घरी येऊन तिनं लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली, पापडाचा डबा कपाटात घातला आणि कपाटाला कुलूप लावलं. शांताक्का जेवायला बसली की ती समोर येऊन बसायला लागली. वाढायला नव्हे, नुसतं बघायला. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात शांताक्काला कुणी हरवलेलं नव्हतं. पण या गप्प बसून बघण्याला उत्तर काय द्यायचं? एकदा तिनं विचारलं, काय बघतीस? शिवलीला म्हणाली, काही नाही आत्ती, जेवा. तिच्या मनात काय आहे ते घरातल्या भिंतींनासुद्धा कळत होतं: सासूनं लिंगाची शपथ मोडली आणि वर नाही म्हणते.

शिवकुमारनं तर एका रात्री जेवताना सरळच काढलं.

"आई, खाल्लं आसशील तर खाल्लं म्हण की. कोण फाशी देतंय व्हय?"

हे तिला सुनेच्या बघण्यापेक्षा जास्त लागलं. पोटच्या पोराला आपला शब्द पटत नाही म्हटल्यावर दुनियेला काय पटणार? त्या दिवशी ती ताटावरून उठली आणि मागच्या दारी जाऊन बसली. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हींतलं आधी काय करावं हे ठरत नव्हतं.

घरातली गोष्ट घरात थोडीच राहते. बोळाच्या तोंडाशी धोंडुबाई राहायची, तिला कुठूनतरी वास लागला. मग काय, सकाळी दुधाच्या रांगेत आणि संध्याकाळी भाजीवालीपाशी एकच विषय. शांताक्का चोरून मीठ खाते म्हणे. लोणच्याला कुलूप घातलंय म्हणे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण पाचही मुखं धोंडुबाईच्या शेजारची असली तर परमेश्वर तरी काय करणार!

त्यातच २००२ चा मोसम आला. डंक चालू झाला आणि शांताक्काला जरा बरं वाटलं, कारण इथं तरी तिच्या शब्दाला मान होता. पहिल्याच आठवड्यात तिला एक नवल वाटलं. ज्या बायका वर्षानुवर्षं माप घेऊन येत होत्या, त्यांची चटणी जिभेला लावली की खारट लागायची. अर्धं मीठ पडलं की तिची जीभ म्हणायची, बास. तिनं हात वर करून मीठ थांबवायला सुरुवात केली. बायकांनी उरलेलं मीठ पुड्यांत बांधून घरी नेलं. कुणी कुरकुरली, की दरसाल तर एवढं लागतं, तर शांताक्का म्हणायची, औंदाचं मीठच जास्त खारं आलंय. हेही तिनं खोटं सांगितलं नाही. तिला खरंच तसं वाटत होतं.

गडमुडशिंगीची शालूबाई तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. शेतकऱ्याघरची बाई, घरात माणसं बक्कळ, पोतंभर मिरच्या घेऊन यायची. तिच्या चटणीलाही शांताक्कानं मध्येच बास म्हटलं. त्या दिवशी शिवलीला शेजारी चाळण धरून होती. तिनं बोटाला लागलेली चटणी सहज चाखली आणि हळूच म्हणाली, आत्ती, मला जरा कमी वाटतंय. शांताक्काचा पारा चढला. माझ्या ताटावर पहारा ठेवलास तेवढा पुरे, आता माझ्या जिभेवर ठेवू नको, असं तिनं सगळ्यांच्या देखत सुनावलं. शिवलीला लाल झाली आणि मोसमभर चवीवर पुन्हा बोलली नाही.

श्रावण सरला, गणपती आले, आणि एका दुपारी शालूबाई दारात उभी राहिली. मागं तिची पोरगी वर्षाराणी, काखेत भली मोठी चिनीमातीची बरणी धरून. वर्षाराणी डॉक्टर झाली होती. पुण्यात शिकून, पुढचं शिकून, नुकतीच कोल्हापुरात एका दवाखान्यात लागली होती, पण आईपुढं अजून बरण्या उचलणं तिला चुकलं नव्हतं. शालूबाईनं झाकण काढलं. वर हिंगाचे खडे नीट रचलेले आणि त्याखाली पांढरी, केसाळ बुरशी.

शांताक्का बघतच राहिली. शालूबाई भांडायला आली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. ती म्हणाली, आक्का, इतकी वर्षं झाली, कधी असं झालं न्हाय. आणि मग सांगितलं, की गावातल्या आणखी दोघी-तिघींचीही अशीच गत आहे. पेठेतल्याही कुणाकुणाची. लोक तोंडावर बोलत नव्हते एवढंच.

शांताक्कानं बुरशी बाजूला सारून तळाची चटणी काढली, जिभेला लावली, डोळे मिटले. मीठ बरोबर होतं. तिच्या जिभेला चांगलं कडक मीठ लागत होतं. तिनं तळहात शालूबाईपुढं धरला. शालूबाई चाखून म्हणाली, आक्का, ही अळणी हाय. शिवकुमारनं चाखली, तोही तेच म्हणाला. शिवलीलानं चाखली आणि खाली बघितलं.

ती तिथंच पोत्यावर बसली. शब्दाची पत घरात गेली होती, पण जीभ तर होती ना! आता जीभही गेली. पेठेत तोंड कसं दाखवायचं, हा विचार आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, की आता तर सगळे म्हणणार, चोरून मीठ खाऊन खाऊन बाईची जीभ मेली.

वर्षाराणीनं बरणीचं झाकण लावलं. तिनं विचारलं, आक्का, तुमचं मीठ कधीपासून बंद आहे? शांताक्का म्हणाली, गेल्या पावसाळ्यापासून. शिवकुमार खाकरला आणि शिवलीलाच्या तोंडून नुसताच हुंकार आला. वर्षाराणीला तो हुंकार कळला. तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा डॉक्टरांचं हसणं, माळ्यावरची बरणी, कपाटाचं कुलूप, सगळं बाहेर आलं. शांताक्का मान खाली घालून ऐकत होती.

वर्षाराणी शिवलीलाकडं वळली.

"वैनी, आक्का चोरून मीठ खात आसत्या, तर ही चटणी बुरसलीच नसती."

कुणालाच काही कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं. माणसानं मीठ कमी केलं की पहिले काही आठवडे सगळं बेचव लागतं. पण दोन-तीन महिने नेमानं पाळलं की जीभ बदलते. थोडं मीठसुद्धा भरपूर लागायला लागतं. जो चोरून खातो त्याची जीभ होती तशीच राहते. आक्कांनी कबूल केलं ते मनापासून पाळलं, म्हणून त्यांच्या जिभेला अर्धं मीठ पूर्ण वाटलं. या बरणीतली बुरशी हाच त्यांच्या शब्दाचा पुरावा.

शांताक्कानं मान वर केली. संक्रांतीपासून पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, की ही बाई खरं बोलते. आणि तेही कशावरून, तर तिनं लोकांच्या चटण्या नासवल्या त्यावरून! हसावं की रडावं ते तिला कळेना.

पण शिवलीला काही सहजासहजी मागं सरणारी नव्हती. तिनं बरोबर बोट ठेवलं. मीठ खाल्लं नाही तर दाब का उतरला नाही?

वर्षाराणीनं शांताक्काला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, मीठ सोडल्यावर काय काय खाता? शांताक्कानं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. गूळ-तूप, हुग्गी, होळगी, काकवी. प्रत्येक नावासरशी वर्षाराणीच्या भुवया वर चालल्या होत्या. काकवीच्या डब्यापाशी त्या आणखी वर जायला जागा राहिली नाही.

मग तिनं पोत्यावरच बैठक मारली आणि सांगायला लागली. चरबी म्हणजे अंगावर नुसतं साठवून ठेवलेलं तूप, असं आपल्याला वाटतं. डॉक्टरांनाही कालपरवापर्यंत तसंच वाटत होतं. आता गेल्या आठ-दहा वर्षांत कळायला लागलंय, की चरबी गप्प पडून राहत नाही. ती रक्तात स्वतःचे रस सोडते, हार्मोन म्हणतात त्यांना, आणि त्या रसांतून सगळ्या अंगाला निरोप धाडते. एका रसाचं नाव लेप्टिन. त्याचं खरं काम मेंदूला सांगायचं, की साठा भरपूर आहे, आता खाणं पुरे. पण चरबी फार वाढली की लेप्टिनही फार वाढतं, आणि रोजचीच हाकाटी म्हणून मेंदू खाण्याबाबतीत त्याचं ऐकेनासा होतो. मात्र त्याचा दुसरा हुकूम चालूच राहतो. तो नसांतून किडनीपर्यंत जातो, आणि किडनी मीठ धरून ठेवायला लागते. आणखी एक रस आहे, तो किडनीला सांभाळणारा. अंग वाढेल तसा तो कमी होत जातो. म्हणजे दोन्हीकडून मार. यातलं बरंच अजून शोधतायत, पण एवढं दिसतंय, की अंगावर चरबी वाढली की किडनी मिठाला घट्ट होते.

शिवकुमारनं विचारलं, पण मीठ पोटात जातच नाही, तर धरणार काय? वर्षाराणी म्हणाली, दुधात, धान्यात, भाजीत थोडं असतंच की. तेवढंही ती सहजासहजी सोडत नाही. मग आईकडं बघून म्हणाली, आपल्या नदीवरच्या मोटारीचं बघ. पाइप चोंदला तर रानाला पाणी तेवढंच द्यायचं असलं तरी मोटार जोरात मारावी लागते का नाही? तसं तेवढंच मीठ बाहेर काढायला आक्कांच्या अंगाला दाब वाढवावा लागतोय. मीठ सोडलं ते फुकट गेलं नाही. नसतं सोडलं तर आकडा आणखी वर असता. पण एका दारानं मीठ घालवलं आणि दुसऱ्या दारानं गूळ आत घेतला.

शालूबाईला मोटारीवरून सगळं लख्ख कळलं आणि तिनं मान डोलावली. शांताक्का मात्र स्वतःच्या दंडाकडं बघत बसली होती. नुसत्या दही-भाकरीवर कमावलेलं अंग! आगीतून निघून फुफाट्यात पडलो, असं तिला झालं. पण सवय जाते कुठं? तिच्या तोंडून निघालंच:

"म्हंजे बोळात एक चहाडखोर हुतीच, आता अंगात बी एक निघाली म्हणायची."

शालूबाई हसली. शिवलीला उठून आत गेली. तिनं माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि पुढं कित्येक महिनेही नाही. संध्याकाळी लोणच्याची बरणी माळ्यावरून खाली आली, पापडाचं कुलूप निघालं, हुग्गी बंद झाली, काकवीचा डबा शेजारी गेला. सगळं झालं, पण बोलणं काही झालं नाही. शांताक्का वाट बघत होती. तिला फार काही नको होतं. चुकलं आत्ती, एवढं म्हटलं असतं तरी इतक्या महिन्यांचं वजन उतरलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून शांताक्का बोळात खुर्ची टाकून बसली आणि ज्या ज्या बाईची चटणी नासली होती तिला बोलावून स्वतः सांगितलं, की चूक माझी झाली, माझी जीभ चुकली, पुढच्या साली तुमचं कुटून देईन ते फुकट, माझ्याकडून. काहीजणी निवळल्या, काहीजणी फणकारून गेल्या. धोंडुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढं जाऊन आपल्याला हवं तेच सांगितलं.

मग रंकाळा तळ्यावर फेऱ्या चालू झाल्या. वर्षाराणीनं सांगितलं होतं, धावायचं नाही, दम लागेल एवढं चालायचं, पण चुकवायचं नाही. शांताक्का पहिल्या दिवशी निघाली ती काठावरच्या संध्यामठापर्यंत जाऊन बसली आणि रिक्षा बघायला लागली. पुढं हळूहळू जमलं. शिवलीला बरोबर यायची, चार पावलं मागून, तोंडातून अक्षर नाही. वाटेत भजीच्या गाड्या, भेळेच्या गाड्या. मीठ आणि तेल हातात हात घालून उभी. शांताक्का तिकडं बघायची नाही असं नाही. ती बघायची, गाडीवाल्याला भजी जास्त तळलीस म्हणून सुनवायची आणि पुढं जायची.

गूळ सोडणं मिठापेक्षा अवघड गेलं. जेवून उठल्यावर तिचा हात आपोआप ढेपेकडं जायचा. पण एकदा बोलली म्हणजे बोलली. दिवाळी आली आणि लाडू न खाता गेली. थंडीत बांगड्या सैल झाल्या, मग पोलकी. शिंप्यानं उसवलेली शिवण पुन्हा घातली आणि कापड वाचलं म्हणून देवाचे आभार मानले. वर्षाराणी दर महिन्याला पट्टा गुंडाळायची. पहिले दोन महिने आकडा हटला नाही, तेव्हा शांताक्का म्हणाली, तू म्हणतीस ती किडनी माझ्यासारखीच हट्टी हाय. मग तो हटायला लागला. पायांची सूज उतरली, चपलेचा अंगठा सैल झाला. होळीच्या सुमारास दाब इतका खाली आला, की वर्षाराणीनं आधीच्या डॉक्टरांनी वाढवलेली गोळी परत कमी केली आणि म्हणाली, चरबी उतरली तसा तिचा हुकूमही उतरला, किडनी आता मीठ सोडती हाय. एकच गोष्ट तिनं हातचं न राखता सांगितली. मीठ असंच कमी ठेवायचं, जन्मभर. आणि म्हणून तुमच्या जिभेवर आता डंक चालणार नाही.

ते शांताक्काला ठाऊकच होतं. तिनं घरी येऊन शिवलीलाला सांगितलं, औंदा मीठ तू बघायचं. शिवलीलानं बरं म्हटलं. तेवढंच.

२००३ चा मोसम सुरू झाला तेव्हा गिऱ्हाईक येतं का नाही, ही धाकधूक होती. पण चटणी तर सगळ्यांनाच करायची असते, आणि शांताक्कासारखा खवट खोबऱ्याचा वास दुसऱ्या कुणाला येत नव्हता. आल्या बायका. शालूबाई पहिल्या आठवड्यात पोतं घेऊन आली. शांताक्का मिरच्या बघायची, खोबरं हुंगायची, लसणावरून भांडायची, आणि मिठाची वेळ आली की बाजूला व्हायची. शिवलीला पुढं होऊन चाखायची. तिची जीभ चांगली निघाली, शांताक्कासारखी डौलदार नव्हती, पण चोख होती.

एका दुपारी गर्दी ऐन भरात असताना धोंडुबाई डबा घेऊन आली. तिनं शिवलीलाला चाखताना बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की आक्का, औंदा जीभ सुनंच्या हातात दिलीसा म्हणायची, चोरून खाऊन खाऊन स्वतःची मेली वाटतं. दोघी-चौघी हसल्या. शांताक्कानं तोंड उघडलं, उत्तर जिभेवर तयार होतं. तेवढ्यात शिवलीलानं हात लांब करून मोटरचा खटका खाली ओढला. मुसळं थांबली. बोळात एकदम इतकी शांतता झाली की बायका दचकल्या.

शिवलीला सासूकडं बघत नव्हती. ती धोंडुबाईकडं बघत होती. ज्या बाईच्या तोंडून दिवसातून दहा शब्द निघत नसत, ती सगळ्या डंकासमोर बोलली.

"आमच्या आत्तींनी शपथ मोडली न्हाय. खोटी पडले ती मी. आठ म्हैने मी त्यांच्या ताटाकडं बघत बसले. एकदा तोंडाकडं बघायला पायजे हुतं."

धोंडुबाईनं डबा या हातातून त्या हातात घेतला. शांताक्का मिठाच्या पोत्यावर बसली आणि सगळ्यांच्या देखत रडली, मोठ्यानं रडली. कुणीतरी विचारलं, काय झालं आक्का? डंकात मिरचीचा धुरळा भरून राहिला होता, पण डोळ्यात तिखट गेलंय, असंसुद्धा तिनं म्हटलं नाही.